‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणाऱ्याला जाब विचारा



कोरडवाहू शेतकऱ्याचे घर नुसत्या कापूस-ज्वारीवर चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. थोरला मुलगा जिनिंगवर हंगामी, धाकटा बँकेत अर्धवेळ शिपाई, सून कचेरीत रोज दोन-तीन तास झाडलोट करणारी. कापसाचा भाव पडला, ऐन काढणीत पाऊस येऊन ज्वारी काळी पडली, तर किराणा आणि पोरांची फी याच पगारातून निघते. आणि एक दिवस साहेब किंवा मुकादम सांगतो, ‘उद्यापासून येऊ नको.’ ना कागद, ना कारण, ना महिन्याची मुदत.

यावर आपल्यातलेच काही म्हणतात, हा कामगारांचा प्रश्न आहे, युनियनवाले बघतील. कोण बघणार? कायम नोकरीवाल्यांच्या युनियनला अर्धवेळवाला दिसतच नाही. तो त्यांच्या सभेला नसतो, आपल्या सभेला असतो. तो आपल्याच ओट्यावरचा माणूस आहे.

शेतकऱ्याला दुसरे काही नाही तरी एक गोष्ट चांगली कळते. भाव पटला नाही तर कापूस चार दिवस घरात ठेवता येतो. पण आज न विकलेला कामाचा दिवस उद्या विकता येत नाही. तो वायाच जातो. म्हणून तर मुदत देऊन काढणे आणि तडकाफडकी काढणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. महिन्याची मुदत ही मेहेरबानी नव्हे. दुसरे काम शोधायला लागणारा तो वेळ आहे.

अर्धवेळ म्हणजे अर्धा माणूस नव्हे

मालक पहिले शस्त्र काढतो ते हे : ‘तू अर्धवेळ, तुला कसला कायदा?’ हे साफ खोटे आहे. एका सरकारी विमा कंपनीत झाडलोट करून पाणी भरणाऱ्या अर्धवेळ कामगाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००८ साली निकाल लागला की अर्धवेळ काम करणाराही कामगारच आहे आणि कामावरून कमी करताना त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे.

ते संरक्षण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, पण मूळ तरतूद तिच्यातही आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती वर्षाची सलग नोकरी. अशा माणसाला कमी करायचे तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. त्या २४० दिवसांत पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या धरायच्या असतात, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवले आहे.

दुसरे शस्त्र तुकड्या-तुकड्यांच्या नेमणुकीचे. स्टेट बँकेने एका हंगामी कॅशियरला नऊ दिवसांची नेमणूक दिली आणि मुदत संपली म्हणून घरी पाठवले. त्याचे आधीचे तुकडे जोडले तर २४० दिवस भरत होते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कामगारकपात ठरवली. मग दिल्लीने काय केले? १९८४ साली कायदा दुरुस्त करून मुदतीच्या कराराला पळवाट ठेवली. नव्या संहितेतही मुदतबंद नोकरीची मुदत संपणे ही कपात मानलेली नाही. म्हणून पोरांनो, कागदावर सही करण्याआधी तो वाचा. मुदतीची ओळ कुठे लपवली आहे ते पाहा.

तिसरे शस्त्र हंगामाचे. हंगाम संपल्यावर काम थांबणे म्हणजे कपात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील मोरिंडा साखर कारखान्याच्या खटल्यात १९९५ साली ठरवले. मालक एवढेच सांगतात. पुढचे गिळून टाकतात. त्याच निकालात न्यायालयाने कारखान्याला हुकूम दिला की हंगामी कामगारांची नोंदवही ठेवा, नवा हंगाम सुरू होताना आसपासच्या गावांत जाहीर करा आणि जुन्यांना ज्येष्ठतेने कामावर घ्या. आपल्या जिनिंगवाल्यांना विचारा, तुमची नोंदवही कुठे आहे?

सरकारच असे वागते तेव्हा

खासगी मालक तरी बरा, अशी पाळी सरकार आणते. केंद्रीय जल आयोगाच्या कचेरीत झाडलोट आणि बागकाम करणारी काही माणसे अर्धवेळ म्हणून राबत होती. त्यांतली पहिली १९९३ पासून. कायम करा म्हणून त्यांनी अर्ज केला. २०१८ साली ट्रायब्युनलने तो फेटाळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नोटीस न देता त्यांना बाहेर काढले. २० डिसेंबर २०२४ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी तो हुकूम रद्द केला, त्यांना परत घ्यायला आणि कायम करायला लावले. मधल्या वर्षांचा पगार मात्र बुडाला. न्याय मिळाला, पण सहा वर्षांची चूल कोणी पेटवली? कायदा पुस्तकात असून भागत नाही, ही यातली शिकवण.

आता काय करायचे?

२४० दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाचे २००२ सालापासूनचे म्हणणे आहे. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि पुरावा मात्र तुम्ही द्यायचा! म्हणून आजपासून वही घाला. तारीख, काम, मिळालेले पैसे, सोबत कोण होते, हे रोज लिहा. गेटपास, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक जपून ठेवा.

काढून टाकले तर रडत घरी बसू नका. केलेल्या कामाचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळालाच पाहिजे. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ४५ दिवसांत तडजोड झाली नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येते. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.

आणि आता कडू गोष्ट. आपल्या गोठ्यातला सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बोलीवर असतो. पेरणी-डवरणी उरकली की ‘आता बस’ म्हणणारे आपल्यातही आहेत. उचल घेतलेली, साल अर्धे, तो कुठे जाणार? आपल्याला शेती परवडत नाही हे खरे, पण न परवडणाऱ्या शेतीचा तोटा आपल्याहून गरिबाच्या पदरात टाकणे हा न्याय नव्हे. जिनिंगच्या फाटकावर घोषणा द्यायची आणि स्वतःच्या फाटकातून गड्याला हाकलायचे, हे दोन्ही एका तोंडाने जमणार नाही.

जिल्हा बैठकीत तीन ठराव घ्या. एक, दर जिनिंगवर हंगामी कामगारांची नोंदवही लागलीच पाहिजे आणि ती दसऱ्याआधी गावोगाव वाचली पाहिजे. दोन, अर्धवेळ माणसाची नेमणूक आणि काढणी, दोन्ही लेखीच. तीन, आपल्यापैकी कोणीही सालगड्याला महिन्याची मुदत किंवा महिन्याचा पगार दिल्याशिवाय काढणार नाही.

तिसरा ठराव आधी मंजूर करा. मग पहिले दोन मागायला आपल्या आवाजात जोर येईल.