टॉवरला भितो, एक्स-रेला नाही

आमच्या आबांच्या घोट्याचा एक्स-रे अजून घरी कपाटामागं ठेवलेला आहे. उजेडात धरला की घोट्याशेजारी दोन बोटांची हाडं दिसतात. ती माझी आहेत. तीन वर्षांपूर्वी देऊळघाटला पैनगंगेच्या काठी आबा घसरले, तेव्हा आम्ही त्यांना शहरातल्या एका सेंटरवर नेलं. तिथला माणूस म्हणाला, "ताई, पाय हलून राह्यला, धरा जरा." मी धरला. लेड अ‍ॅप्रन नाही की काही नाही. तो स्वतः मात्र भिंतीआड गेला. आबा म्हणाले, "काही होत नाही वं, फोटोच तर काढून राह्यले."

आबांचं तसं खरंच होतं. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. जमीन, हवा, आकाश यांच्यातून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसाही मिळतोच. एका फोटोनं माझं काही बिघडणार नव्हतं. पण नियम असा आहे की पेशंटला धरायची वेळच आली तर धरणाऱ्यानं अ‍ॅप्रन घालायचा आणि हात किरणांच्या वाटेत येऊ द्यायचा नाही. त्या खोलीत रोज असे किती हात येत असतील? आणि हे बघायला कुणी येतं का?

येणं अपेक्षित असतं. आणि ती एक सरकारी नोकरी आहे, हे मला डिग्री संपेपर्यंत माहीत नव्हतं. फिजिक्सच्या मैत्रिणींना विचारलं, त्यांनाही नव्हतं. बी.एस्सी. झालं की बी.एड., बँक, एमपीएससी, एवढीच यादी आपल्यापर्यंत पोचते.

देशात रेडिएशन वापरणाऱ्या प्रत्येक जागेवर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. स्थापना १५ नोव्हेंबर १९८३, ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला. तारापूरची अणुभट्टी असो, लासलगावचं कांदा-आंब्यावर किरणांचा मारा करणारं केंद्र असो, कॅन्सर हॉस्पिटलचं मशीन असो की गल्लीतला दातांचा दवाखाना, सगळे याच मंडळाच्या कक्षेत. तिथले तज्ज्ञ 'सायंटिफिक ऑफिसर' म्हणून सी ग्रेडवर लागतात आणि डी, ई, एफ करत वर जातात. सीनिअर माणसाचं काम ऐकायला रुक्ष आहे: खोलीचा नकाशा तपासायचा, भिंत पुरेशी जाड आहे का बघायचं, मीटर घेऊन दाराशी उभं राहायचं, कुठला स्रोत कुणाकडं आहे याचा हिशोब ठेवायचा. कर्मचाऱ्यांच्या छातीवर एक बॅज असतो, टीएलडी म्हणतात त्याला. तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. एखाद्याचा आकडा जास्त आला तर का आला हे शोधायचं. पाच वर्षांची सरासरी काढली तर कर्मचाऱ्याला वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाता कामा नये, आपल्याकडं एका वर्षात ३० च्या वर तर कधीच नाही. सामान्य माणसाची मर्यादा १ आहे. या आकड्यांच्या जोरावर एखाद्याचं मशीन बंद पाडायचं, तेही समोर गावातलं वजनदार नाव असताना! सोपं नाही ते.

शिवाय हे काम नीट झालं की काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, हे आता पेपरात बसून मला चांगलं कळतंय. बातमी झाली ती २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरीत. दिल्ली विद्यापीठानं पंचवीसेक वर्षं पडून असलेलं एक मशीन फेब्रुवारीत भंगारात लिलाव केलं. आत कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. चमकदार धातू म्हणून एकाच्या पाकिटात त्याचा तुकडा गेला. लोकांची कातडी भाजली, केस गळले, आणि एप्रिलमध्ये एका कामगाराचा जीव गेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आपण काय उचलतोय. ज्या विद्यापीठात फिजिक्स शिकवतात तिथं ही गत, मग तालुक्याच्या भंगारवाल्याला काय दोष द्यायचा?

केस गळण्यावरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक लोकांचे केस गळायला लागले. पाणी, शाम्पू, बुरशी, ज्याच्या तोंडी जे येईल ते कारण. आयसीएमआरची टीम आली, आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. यात रेडिएशनचा काही संबंध नव्हता. पण समजा असता, तर? पहिल्याच दिवशी मीटर घेऊन गावात कोण गेलं असतं? मुंबईहून माणूस निघून शेगावला पोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपनं निकाल देऊन टाकला असता.

मोबाइल टॉवरचं हेच होतं. गल्लीत टॉवर येतोय म्हटलं की निवेदनं निघतात, सह्या होतात. टॉवरच्या लहरींमध्ये अणूतले इलेक्ट्रॉन उपटून काढायची ताकद नसते. त्यातही २०१२ पासून आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. ज्या किरणांत ती ताकद आहे ती एक्स-रेची, आणि तिथं आपण उघड्या हातानं पाय धरून उभे. लोकांना हसायचं कारण नाही. फरक समजावून सांगणारं माणूस जवळपास नाही, म्हणून हे होतं.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. प्रत्येक राज्यात रेडिएशन सुरक्षा संचालनालय असावं, असा आदेश सुप्रीम कोर्टानं २००१ मध्येच दिला होता. २०१२ मध्ये कॅगनं तपासलं तेव्हा ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होतं. त्याच अहवालात देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ विनानोंदणी असल्याचं आलं, म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव! नंतर ई-लोरा ही ऑनलाइन यंत्रणा आली, नोंदणी वाढली. पण ऑनलाइन फॉर्म भरल्यानं खोलीत अ‍ॅप्रन येत नाही. तो खुंटीवर आहे का हे बघायला पाय लागतात. मंडळाची प्रादेशिक केंद्रं चेन्नई, कोलकाता आणि दिल्लीत आहेत. आपला विदर्भ मुंबईच्या भरवशावर.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. जिल्ह्याला एक रेडिएशन सुरक्षा अधिकारी द्या, पूर्णवेळ, हातात मीटर आणि बंद करण्याचा अधिकार असलेला. बुलडाण्यात २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, म्हणजे मशिनं वाढणार. जागा तिथंच काढता येईल. खर्च म्हणाल तर एक पगार, एक मीटर आणि फिरायला एक गाडी.

आणि फिजिक्सवाल्यांनो, एम.एस्सी. करत असाल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा बघून ठेवा. कॅन्सर हॉस्पिटलमधले मेडिकल फिजिसिस्ट आणि सुरक्षा अधिकारी त्याच वाटेनं येतात. ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून सुरू आहे, तिथं गेट किंवा त्यांची परीक्षा देऊन जाता येतं. आयटीएवढं पॅकेज नसेल, इन्स्टावर टाकण्यासारखंही फार काही नसेल.

आबांचा घोटा बरा झाला. मागच्या महिन्यात गुडघ्यासाठी पुन्हा त्याच सेंटरवर जावं लागलं. मी आधी अ‍ॅप्रन मागितला. त्या माणसानं आतल्या खोलीतून एक आणला, घडी घातलेला, वर धूळ. घडी घालून ठेवला की आतलं शिसं तडकतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.