सलाइनने न उतरणारा थकवा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक शासन
मा. प्रादेशिक संचालक, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, बंगळूरू
यशवंतपूर-पीण्या पट्ट्यातील कारखान्यांची व्यवस्थापने

महोदय,

हे पत्र कन्नडमध्ये तुमच्या कार्यालयांत दिलेले आहे. मराठीतही छापायला देतो आहे, कारण यशवंतपूरच्या बाजार समितीत महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक घेऊन येणारे, पीण्याच्या कारखान्यांत राबणारे आणि स्टेशनच्या आसपास खोली करून राहणारे कितीतरी जण मराठी बोलणारे आहेत. त्यांच्या गावाकडच्या माणसांनीही हे वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मागणी आधीच सांगतो. यशवंतपूर, मत्तीकेरे, गोरगुंटेपाळ्य, पीण्या या पट्ट्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि कर्मचारी राज्य विम्याच्या (ईएसआय) दवाखान्यात डिप्रेशनची विचारपूस रक्तदाब तपासण्याइतकी नेहमीची व्हावी. ज्याला आजार आहे त्याला औषध आणि समुपदेशन तिथेच मिळावे. शहरातल्या मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेकडे बोट दाखवत 'निम्हान्सला जा' असे सांगून त्याची बोळवण होऊ नये.

गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका बाईंसोबत मी दुभाषा म्हणून दवाखान्यात गेलो होतो. बाई चंदगडकडच्या, गारमेंटमध्ये शिवणयंत्रावर काम करणाऱ्या. त्यांचे कन्नड बाजारहाटापुरते. दुखणे सांगण्याइतके नाही. पिशवीत आधीच्या चिठ्ठ्यांचे पुडके होते: सलाइन, बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शने, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीची गोळी, अंगदुखीची गोळी, पुन्हा सलाइन. तक्रार दर वेळी तीच. अंगात त्राण नाही, डोके जड, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "काका, बॉबिन संपलेलं कळतच नाही मला. धाग्याबिगर शिवण मारत जाते. सुपरवायझर ओरडतो, त्याचंही काही वाटत नाही. पोरगं गावाकडनं फोन करतंय, तेही उचलावंसं वाटत नाही."

यातले एक अक्षरही त्या चिठ्ठ्यांवर नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. विचारायला लागले असते दोनच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? मन उदास, हताश असते का? जगभरचे साधे डॉक्टर याच दोन प्रश्नांनी चाचपणी सुरू करतात आणि उत्तर होकारार्थी आले तर नऊ प्रश्नांची पूर्ण यादी घेतात. त्यात झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला कमी लेखणे आणि मरणाचे विचार हे सगळे येते. परदेशात 2001 मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली आज भारतीय भाषांतही वापरली जाते. तिला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, फक्त समोरच्याच्या भाषेत विचारणारे माणूस लागते.

डिप्रेशन म्हणजे मनाचा कमकुवतपणा, हा समज मला सुशिक्षित अधिकाऱ्यांच्या बोलण्यातही दिसतो, म्हणून जोखीम वाढवणाऱ्या कारणांबद्दल सविस्तर लिहितो. काही कारणे माणूस जन्मतःच घेऊन येतो. आई-वडिलांना किंवा भावंडांना हा आजार असेल तर धोका वाढतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 40 टक्के धरला जातो. लहानपणी सोसलेली मारहाण, उपेक्षा, पालकांचा मृत्यू यांची छाया मोठेपणीही राहते. मधुमेह आणि थायरॉइडचे विकार असणाऱ्यांत डिप्रेशन जास्त आढळते. बाळंतपणानंतरचे महिने तर फारच नाजूक असतात: भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज सांगतो की सुमारे 22 टक्के मातांना या काळात डिप्रेशनची लक्षणे असतात.

बाकीची कारणे मात्र या पट्ट्यात रस्त्यावर उभे राहून दाखवता येतात. डोक्यावर कर्ज. आठवड्याला बदलणारी पाळी, त्यामुळे झोपेचे खोबरे. घरात दारू आणि दारूपाठोपाठ हात उगारणे. मूल गावी आजीकडे आणि आई इथे पाच जणींच्या खोलीत. उद्या काम असेल की नाही याची धाकधूक. यातले एखादे कारण माणूस पेलतो. तीन-चार एकदम आली आणि आधार देणारे कोणी जवळ नसले, की धडधाकट माणूसही कोलमडतो. कर्ज, पाळ्या, दारू, एकटेपणा यांवर औषधाची गोळी नाही हे मला कळते, पण यातल्या बऱ्याच गोष्टी धोरणाने कमी-जास्त होतात, आणि धोरण तुमच्या हातात आहे.

पुरुषांचे आणखी वेगळे. बाजार समितीतला हमाल किंवा ट्रकचालक 'उदास वाटते' असे सहसा म्हणत नाही. तो चिडतो, पितो, कामाला दांड्या मारतो आणि लोक त्याला वाया गेलेला ठरवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांत 26.4 टक्के लोक रोजंदारीवर जगणारे होते. प्रत्येक आत्महत्येमागे डिप्रेशनच असते असे नाही. तरीही चारातला एक जण रोजंदारीवाला असताना त्याच्या वस्तीतल्या दवाखान्यात मनाची चौकशी नसावी, हे मला सहन होत नाही.

आता बंगळूरूबद्दल, कारण हे शहर या कामात नवखे नाही. 1974 मध्ये जुने मनोरुग्णालय आणि मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था एकत्र करून निम्हान्स उभी राहिली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मनोविकारांचे उपचार शिकवता येतात, हे तिच्याच लोकांनी सकलवाऱ्याच्या केंद्रात आणि पुढे 1985 पासून बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखवले. त्याच बळ्ळारीच्या धर्तीवर 1996 मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. टेली-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा 2022 मध्ये सुरू झाली, तिचे राष्ट्रीय केंद्रही निम्हान्समध्येच आहे आणि या सेवेवर मराठीतही बोलता येते. एवढे ज्ञान या शहरात असून यशवंतपूरच्या बाईला थकव्यावर सलाइनच मिळते.

निम्हान्सनेच 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी साधारण वीसात एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन झालेले आढळले. प्रमाण बायकांमध्ये, 40 ते 49 या वयात आणि महानगरांत जास्त होते. उपचारांपासून दूर राहिलेले रुग्ण सुमारे 85 टक्के. सर्वेक्षण 12 राज्यांत झाले. त्यांत ना कर्नाटक होते, ना महाराष्ट्र. म्हणजे बंगळूरूतून चाललेल्या त्या मोजणीत बंगळूरूच नव्हते. तेव्हा या पट्ट्याची मोजणी दवाखान्याच्या रजिस्टरपासूनच सुरू करा.

मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. पण गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने यावर तोडगा काढून तो तपासूनही घेतला. मानसोपचाराचे कोणतेही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना त्यांनी प्रशिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. केवळ थोडी सुधारलेली नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात 39 टक्के. बैठकांमध्ये गूढ काही नव्हते. बंद पडलेल्या गोष्टी एकेक करून पुन्हा सुरू करायच्या, शेजारणीकडे जायचे, फोन उचलायचा, आणि त्याने काय फरक पडतो ते पाहायचे. आशा कार्यकर्त्या हे शिकू शकत नाहीत, असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. फक्त त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्या, आहे त्याच ओझ्यावर आणखी एक वही चढवू नका.

डॉक्टरांसाठी एक इशारा मात्र आवश्यक आहे. उदास दिसणारा प्रत्येक रुग्ण सारखा नसतो. पूर्वी कधी झोपेविना दिवसचे दिवस जोमात, अतिउत्साहात, वारेमाप खर्च करण्यात गेले होते का, हे विचारलेच पाहिजे. तसे असेल तर तो बायपोलर विकार असू शकतो आणि नुसती डिप्रेशनची गोळी त्याला उन्मादाकडे ढकलू शकते. असा रुग्ण निम्हान्सला किंवा तज्ज्ञाकडे जायलाच हवा. ज्यांना साधे डिप्रेशन आहे त्यांनाही सांगायला हवे की गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात आणि बरे वाटल्यावरही ती साधारण सहा महिने चालू ठेवायची असते. ही औषधे महाग नाहीत. पण दवाखान्यात एक महिना मिळाली आणि पुढचा महिना 'स्टॉक नाही' झाले, तर सारे मुसळ केरात.

ईएसआयच्या अधिकाऱ्यांना खास विनंती. दीर्घ मुदतीच्या 34 आजारांच्या तुमच्या यादीत डिप्रेशनचा समावेश 'एंडोजीनस डिप्रेशन' या जुन्या नावाने आहे. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारकाला त्यात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या 80 टक्के लाभ मिळू शकतो. मी ज्या-ज्या कामगारांना हे सांगितले, त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हते. आजच्या निदानाच्या भाषेत कोणते प्रमाणपत्र चालेल याचे स्पष्ट परिपत्रक काढा आणि ते कन्नड, हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठीत फाटकावर लावा. व्यवस्थापनांनी पाळ्यांचे वेळापत्रक निदान महिनाभर आधी द्यावे, आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'मानसिक' शब्द दिसला म्हणून कोणाचे काम जाणार नाही, हे लेखी द्यावे.

मंत्रिमहोदय, मानसिक आरोग्य काळजी कायदा, 2017 च्या कलम 18 ने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि ती प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळण्याचे बंधन सरकारवर घातले आहे. त्यामुळे मी इथे मेहेरबानी मागत नाही. संध्याकाळी पाळी सुटल्यावर दवाखाना उघडा असावा, तिथे प्रशिक्षित माणूस आणि औषध असावे, एवढे या पट्ट्यातल्या एका दवाखान्यापासून सुरू करा.

मराठी आणि कन्नड दोन्ही नीट बोलणारे आम्ही काही जण इथे आहोत, हिंदी-तेलुगूवालेही सोबत यायला तयार आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही विनामोबदला दुभाषे म्हणून बसू. प्रशिक्षण तुम्ही द्या, गुप्ततेच्या हमीवर सही घ्या आणि दवाखाना कोणता ते कळवा.

आपला,
यशवंतपूरचा एक रहिवासी