लघुपट काय भाषणाच्या तोंडी लावायला?

आठ मार्चच्या कोणत्याही दहा कार्यक्रमपत्रिका काढून पाहा. स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, मग 'लघुपट (15 मिनिटे)' आणि त्यानंतर प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन. लघुपटाची जागा ठरलेली आहे. पाहुणे उशिरा आले तर तो लावायचा, वेळेवर आले तर गाळायचा. दिवे पुरते मालवलेले नसतात, मागे चहाचे कप वाजत असतात, आणि पडद्यावर शेवटची नावे येण्याच्या आत कोणीतरी माईक हातात घेऊन विचारते, "तर मैत्रिणींनो, यातून आपण काय शिकलो?"

या प्रश्नाला माझा विरोध आहे. तो विचारला की समोरच्या चाळीस बाया एका क्षणात विद्यार्थिनी होतात. जिने पंधरा मिनिटांत आपली सासू, आपला नवरा, आपले स्वतःचे मौन पडद्यावर पाहिले, ती आता बरोबर उत्तर शोधू लागते. आणि ते तिला सापडतेही: "स्त्रियांवर अन्याय होऊ नये." सगळ्या टाळ्या वाजवतात. जे पाहिले ते तिथेच संपते.

नीरज घेवानचा 'ज्यूस' (2017) आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. पंधरा मिनिटांच्या आतबाहेरची गोष्ट. एका मध्यमवर्गीय घरात पाहुणे जमले आहेत. बैठकीत पुरुष, तिथे कूलर. स्वयंपाकघरात बायका, तिथे शेगडी, घाम आणि धड न चालणारा पंखा. घरच्या मंजूला, म्हणजे शेफाली शहाला, सारखी बैठकीतून हाक येते. मुले खेळत बसली आहेत, आणि त्यांना ताटे नेऊन द्यायला मुलीलाच उठवले जाते. या सगळ्यात एकही भाषण नाही. श्रमविभागणी, पितृसत्ता हे शब्द नाहीत. कोणी कोणाला मारत नाही. शेवटी मंजू फ्रीजमधला गार रस ग्लासात ओतून घेते, खुर्ची ओढते, बैठकीत कूलरसमोर बसते आणि नवऱ्याकडे पाहत राहते. एवढेच.

एका वस्तीत तो दाखवला तेव्हा कोणीही भाषण केले नाही. थोडा वेळ शांतता होती. मग मागून एक बाई म्हणाली, "आता सैपाक कोण करनार?" दुसरी म्हणाली, "बसली ते बरं केलं, पण पाव्हनं गेल्यावर काय झालं ते दाखवलं न्हाई." तिथून दोन तास वाद चालला. चौघींच्या मते मंजूने नवऱ्याला खोलीत बोलावून सांगायला हवे होते. एक तरुण मुलगी चिडून म्हणाली, आजवर खोलीतच तर सांगत आलोय. मग कोणाच्या घरात पंखा कुठे आहे, याची मोजणी सुरू झाली. बारा घरांपैकी एकाही घरात स्वयंपाकाच्या जागी पंखा निघाला नाही. घरकामाच्या मूल्यावर आपण किती पुस्तिका काढल्या! पण पंख्याचा प्रश्न त्या चर्चेत कोणी आणून ठेवला नव्हता, तो बायांनीच काढला. गोष्ट हे करू शकते, कारण ती अर्धी सांगते आणि उरलेली अर्धी ऐकणारीकडून मागते. लघुपटाला तर अर्धीच सांगावी लागते, त्याच्याकडे वेळच नसतो. तीन तासांच्या सिनेमात खलनायकाला शिक्षा होते, नायिकेला न्याय मिळतो, आणि आपण हलक्या होऊन घरी जातो. इथे तसे हलके होता येत नाही.

आता या चित्रपटाची दुसरी बाजू. 'ज्यूस' आला तो 'लार्ज शॉर्ट फिल्म्स' या मालिकेतून. 'लार्ज' कशातले, ते दारूच्या बिलाने महिना संपवणाऱ्या घरातल्या बाईला सांगायला नको. मालिका रॉयल स्टॅग बॅरल सिलेक्ट या व्हिस्कीच्या नावाने चालते. प्रियंका बॅनर्जीचा 'देवी' (2020), ज्यात बलात्काराला बळी पडलेल्या वेगवेगळ्या थरांतल्या स्त्रिया एका खोलीत बसल्या आहेत, तोही तिथलाच. दारूच्या जाहिरातीला दूरचित्रवाणीवर बंदी आहे, म्हणून बाटलीचे नाव आता आपल्या दुःखाच्या गोष्टीवर चिकटून घरात येते. गावोगाव आपल्या मैत्रिणी ग्रामसभेत हात वर करून, मतपत्रिकेवर आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकाने बंद पाडतात, आणि बाईची आजची नेमकी गोष्ट सांगायला पैसे पुरवते ती उभी बाटली!

यावर सोपा उपाय म्हणजे हे चित्रपट दाखवायचेच नाहीत. मला तो मान्य नाही. 'ज्यूस' दाखवावा, आणि कोणाच्या नावाने आला तेही मोठ्याने सांगावे. पण त्याआधी हे विचारायला हवे, की या गोष्टी त्यांच्याकडे गेल्या कशा? एके काळी त्या आपल्याकडे होत्या.

1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. त्याच वर्षी दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' हा गट सुरू केला. 1981 मध्ये त्यांनी पुण्याच्या मोलकरणींबरोबर 'मोलकरीण' केला. पाठोपाठ निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांबरोबर 'तंबाकू चाकिला ऊब आली' (1982). दोन्ही मराठीत, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आतले, 16 मिलिमीटरच्या फिल्मवर. निपाणीत हा गट चार महिने बायांबरोबर राहिला. त्यांच्या सांगण्यातून पटकथा झाली, त्यांच्यामुळेच वखारीच्या आत कॅमेरा गेला, आणि घडून गेलेले प्रसंग बायांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. 1983 मध्ये हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर त्यांनी 'इदी कथा मात्रमेना' हा तेलुगू कथालघुपट केला. 'ही नुसती गोष्टच आहे का?' असा त्या नावाचा अर्थ. विषय घरातली हिंसा. भारतीय दंडविधानात कलम 498 अ आले तेही याच वर्षी, डिसेंबरात. कायद्याला पुरावा म्हणून जखम लागते. आतून झिजत गेलेल्या बाईची जखम त्या गोष्टीने दाखवली.

'मोलकरीण' नंतर सत्तावीस वर्षांनी, 2008 मध्ये, महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. चित्रपटामुळे झाला असे मी म्हणत नाही, संघटनांच्या लढ्याने झाला. पण त्या लढ्याची सुरुवात बोलणाऱ्या बाया आज आपल्याला दिसतात आणि ऐकू येतात त्या केवळ या 25 मिनिटांमुळे. आणि ही 25 मिनिटे वाचली कुठे? बर्लिनमध्ये. तिथल्या आर्सेनल या संस्थेने युगांतरच्या चित्रपटांचा डिजिटल जीर्णोद्धार केला. पुण्याच्या मोलकरणीचा आवाज जपायला जर्मनी लागली. आपल्या संघटनांच्या कपाटात मात्र अहवालांचे गठ्ठे व्यवस्थित आहेत, क्रमांक घालून.

मधल्या काळात आपण काय केले? आपण 'प्रकल्पाचा चित्रपट' जन्माला घातला. त्याची रीत सगळ्यांना पाठ आहे. आधी दुष्काळी जमीन आणि खालमानेने चालणारी बाई. मग संस्थेची पाटी. मग बचत गट, शिलाई मशीन, कार्यकर्तीची मुलाखत. शेवटी तीच बाई कॅमेऱ्याकडे पाहून हसते, आणि पाठीमागे बासरी. (ही बासरी कोणत्या दुकानात मिळते ते एकदा शोधले पाहिजे.) बाईच्या आयुष्यातली जी गोष्ट संस्थेच्या यशात बसत नाही ती कापली जाते: मशीन नवऱ्याने विकले, गटात जातीवरून भांडण झाले, ती दमली आणि तिने सोडून दिले.

2019 मध्ये 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.' या लघुमाहितीपटाला ऑस्कर मिळाले. उत्तर प्रदेशातल्या हापूर जिल्ह्यातल्या एका गावात पॅड बनवण्याचे यंत्र येते, त्याची ही कहाणी. पैसा उभा केला तो कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या विद्यार्थिनींनी. त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण तो चित्रपट पुन्हा पाहा. सुरुवातीला पाळीविषयी विचारल्यावर मुली लाजून हसतात, शब्द फुटत नाही. ते अवघडलेले हसू म्हणजे खरी गोष्ट. यंत्र आल्यावर चित्रपट प्रकल्पाच्या रुळावर चढतो. बक्षीस रुळाला मिळाले असावे असा मला संशय आहे.

कार्यकर्त्या म्हणतील, बाईला पाणी नाही, रेशन नाही, आणि तुम्हाला सिनेमाच्या कलेचे पडले आहे. पण 'मुलगी झाली हो' हे नाटक घेऊन गावोगाव फिरणारी चळवळ हे कोणत्या तोंडाने म्हणणार? गोष्ट ही जेवण झाल्यावरची बडीशेप नाही, हे तेव्हा आपल्याला कळत होते.

सरकारला तर ते अगदी नीट कळते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'चार शहर एक कहानी' (1968) या सोळा मिनिटांच्या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या स्त्रिया दिसतात. सेन्सॉरला नेमकी तीच दृश्ये खुपली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1970 मध्ये न्यायालयाने चित्रपटांवरची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे असा निकाल दिला. 2004 च्या मुंबईच्या महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र मागितले गेले, तेव्हा निर्मात्यांनी 'विकल्प' नावाने एकत्र येऊन विरोध केला, त्यात स्त्रिया पुढे होत्या. सोळा मिनिटांच्या चित्रपटासाठी व्यवस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते. आपण त्याच चित्रपटावर चहा फिरवतो.

तेव्हा मागण्या आपल्याच संघटनांकडे आहेत. लघुपट दाखवायचा तर दिवे मालवा, दारे लावा, शेवटचे नाव जाईपर्यंत कोणी उठू नका. पाहुण्यांची वाट पाहण्यासाठी तो लावू नका; पाहुण्यांनाही खाली बसवून दाखवा. नंतर काय शिकलात असे न विचारता कोणाला काय आठवले ते विचारा, आणि कोणीच बोलले नाही तर गप्प बसा. लहान गावातल्या मुली आज फोनवर चित्रपट करताहेत. त्यांना 'संदेश स्पष्ट करा' असे सांगणे बंद करा. मंडपाला, हारतुऱ्यांना आणि स्मृतिचिन्हांना पैसे असतात, तर जिचा चित्रपट दाखवतो तिला मानधन का नाही? दहा संघटनांनी दरवर्षी स्मृतिचिन्हांचे पैसे एकत्र केले तर एका मुलीचा एक लघुपट उभा राहील. त्यावर बाटलीचे नाव नसेल, संस्थेची पाटी नसेल, आणि त्यात मशीन विकणारा नवराही असेल. पुढच्या आठ मार्चच्या पत्रिका जानेवारीत छापायला जातात. कोणत्या दहा संघटना, ते त्याआधी कळवा.