लोखंडालाही थकवा येतो

दिवाळीच्या सुट्टीत निम्मी मुंबई आगगाडीत बसलेली असते आणि उरलेली निम्मी फलाटावर उभी असते. डब्यात शिरल्याबरोबर आपण काय पाहतो? खिडकीची जागा मिळाली की नाही, वरच्या फळीवर वळकटी मावेल की नाही, चकल्यांचा डबा कुणाच्या ट्रंकेखाली तर गेला नाही ना, आणि समोरचे कुटुंब बोलके आहे की घुमे. आपल्या पायांखाली दीड-दोन हातांवर काय चालले आहे याची चौकशी कुणी करीत नाही. ती करू लागलो तर प्रवासाला निघणेच कठीण, हेही खरे.

मी मराठीचा मास्तर. रुळांशी माझा संबंध तिकिटापुरता. पण गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो इंजिनिअर आहे आणि आगगाडीचे डबे टक्कर झाली असता कसे मोडतात, याचा अभ्यास करतो. (पोटासाठी माणसे काय काय करतात!) चहाचा कप हातात घेऊन त्याने विचारले, “सर, ‘मेटल फटीग’ला मराठीत काय म्हणावं?”

“थकवा म्हण,” मी म्हटले, “पण लोखंड थकतं ते कसं, एवढं मला सांग.”

तो संध्याकाळपर्यंत सांगत बसला आणि जाताना दोन जाडजूड पुस्तके ठेवून गेला. यंदाचे सदर त्या पुस्तकांना वाहिले आहे.

आरंभी शब्दांचीच गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या हद्दीतली आहे. बैलगाडीची दोन चाके ज्या आडव्या दांड्यावर फिरतात त्याला आपल्याकडे कणा म्हणतात. माणसाच्या पाठीचा तो कणा आणि गाडीचा तोही कणाच. चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवतो, ती धाव. आणि ज्यावर आपण बसतो तो साटा. आगगाडीलाही हेच तीन अवयव आहेत. फक्त त्यांची नावे इंग्रजी पडली. ही तिन्ही ठिकाणे माणसाला एकेक करून कळत गेली, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत प्रवाशांनी मोजली.

पहिला मोडला तो कणा. 8 मे 1842 चा रविवार. व्हर्सायला फ्रान्सच्या राजाचा उत्सव पाहून लोक गाडीने पॅरिसला परतत होते. गर्दी मोठी म्हणून पुढे दोन इंजिने जोडली होती. म्यूदाँजवळ पहिल्या इंजिनाचा कणा मोडला. ते इंजिन अडखळले, मागचे त्याच्यावर चढले, डबे एकमेकांवर कोसळले आणि निखाऱ्यांनी पेट घेतला. त्या काळी उतारूंनी धावत्या गाडीतून उतरू नये म्हणून डब्यांना बाहेरून कुलूप घालीत. पन्नासाहून अधिक माणसे त्या कुलपांआड गेली. त्यांत द्युमाँ द्युर्व्हिल हा दर्यावर्दी होता. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून जहाजे सुखरूप परत आणणारा हा गृहस्थ राजधानीजवळच्या चार कोसांच्या प्रवासात बायको आणि मुलासह गेला. तिकडच्या एका किनाऱ्याला त्याने बायकोच्या नावावरून ‘आदेली’ हे नाव दिले होते. ‘आदेली’ जातीचे पेंग्विन मुलांनी चित्रांत पाहिले असतील. ते नाव त्या बाईचे.

कुलपे लौकरच गेली. पण कणा का मोडला? तो काही कच्च्या लोखंडाचा नव्हता. त्याच्यावर त्या दिवशी नेहमीपेक्षा फार मोठे ओझे पडले असेही नव्हते. काल ज्याने भार पेलला, त्याने आज का मोडावे? जाणत्यांचे तेव्हाचे उत्तर असे की, हादरे खाऊन खाऊन लोखंडाची जातच बदलते आणि त्याचे साखरेसारखे स्फटिक होतात. मोडलेल्या जागी खडबडीत कण चकाकत, म्हणून हे पटेही. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन या विशी नुकत्याच ओलांडलेल्या इंजिनिअराने मोडलेले कणे बारकाईने पाहिले आणि 1843 मध्ये वेगळे मत मांडले: लोखंडाची जात बदललेली नाही. कण्याची जाडी जिथे एकदम कमी होते त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते, ती रोज थोडी थोडी आत सरकते, आणि शेवटी शाबूत उरलेला गाभा भार पेलण्याइतका राहत नाही. तरुणाचे कोण ऐकतो! स्फटिकांची कथा पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली.

तिचा निकाल खऱ्या अर्थाने लावला तो ऑगस्ट व्योलर या जर्मन माणसाने. हा ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्ट गावी रेल्वेत नोकरीला होता. (मोठे फ्रँकफुर्ट ते नव्हे.) त्याने आधी धावत्या गाडीखाली उपकरण बसवून कणा प्रत्यक्षात किती वाकतो हे टिपले. मग कण्यांचे नमुने यंत्रात घालून, एका टोकाला भार देऊन, ते फिरवत ठेवले. किती फेऱ्यांनी मोडतो हे लिहायचे, भार थोडा कमी करायचा आणि दुसरा नमुना लावायचा. पुन्हा थोडा कमी, पुन्हा तिसरा. हा उद्योग 1850 च्या दशकात सुरू झाला आणि शेवटचे निष्कर्ष 1870 मध्ये छापले गेले. इतकी वर्षे एका माणसाने लोखंड फिरत असलेले पाहत राहावे, याला मी तपश्चर्याच म्हणतो.

त्याला आढळले ते असे. जो भार एकदा, दहादा, हजारदा सहज पेलला जातो, तोच लाखो वेळा उलटसुलट दिला की लोखंड मोडते. मात्र भार एका मर्यादेखाली ठेवला, तर तेच लोखंड मोडायचे नावच घेत नाही. म्हणजे लोखंडाचे सामर्थ्य किती, हा प्रश्नच अपुरा होता. किती वेळा, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. संसार करणाऱ्या कोणत्याही गृहिणीने हे व्योलरच्या आधी सांगितले असते, परंतु तिला यंत्रात घालून कुणी विचारले नाही.

हिशेब आपल्या घरचाच करून पाहू. मुंबई ते पुणे 192 किलोमीटर. आपल्याकडच्या डब्याचे नवे चाक 915 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे एका फेरीत ते पावणेतीन मीटरांहून थोडे अधिक जाते. पुणे येईपर्यंत त्याच्या सुमारे 67,000 फेऱ्या होतात. डब्याच्या भाराने कणा किंचित वाकलेला असतो. त्याची वरची बाजू ताणलेली आणि खालची दाबलेली. अर्धी फेरी झाली की वरची खाली जाते, ताणलेली दाबली जाते. तुम्ही कर्जतचा बटाटेवडा खाऊन हात पुसेपर्यंत हे हजारो वेळा होऊन गेलेले असते. केसातला आकडा चारदोन वेळा मागेपुढे वाकवला की तुटतो, तसेच हे. फरक एवढाच की हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही.

डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते कानाने ऐकत. वयस्क वाचकांना आठवत असेल, रात्री मनमाडला किंवा भुसावळला गाडी थांबली की अंधारातून कंदील हलत येई आणि चाकांवर टण् टण् असा हातोडीचा आवाज होई. आमच्या इमारतीत रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळी इमारत त्यांना आजोबा म्हणते. त्यांना मी ही आठवण काढून दिली, तर ते म्हणाले, “अहो सर, चाक बोलतं. चांगलं चाक देवळातल्या घंटेसारखं घुमतं, चीर असली की मडक्यासारखं बद्द वाजतं. तुमच्या वर्गातल्या पोरांचं नाही का, आवाजावरून कळतं कुणी अभ्यास केलाय ते!” आता कारखान्यात कण्याच्या अंगात नादच सोडतात, पण माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. वाटेत चीर लागली की तो परत फिरतो आणि पडद्यावर दिसतो. हातोडी गेली, पण विचारणे नादालाच आहे.

इतके कळले, तरी धावेने दगा दिला. 3 जून 1998 रोजी जर्मनीत म्युनिकहून हॅम्बुर्गकडे निघालेली गाडी ताशी 200 किलोमीटर वेगाने जात होती. या गाड्यांना आधी अखंड चाके होती. त्यांनी डबे थरथरत आणि भोजनाच्या डब्यात पेले-बशा वाजत, म्हणून चाकाचा गाभा आणि बाहेरची धाव यांच्यामध्ये रबर बसवले. थरथर थांबली. पण प्रत्येक फेरीला ती धाव रुळावर किंचित चपटी होई आणि परत गोल होई. चीर पडली ती धावेच्या आतल्या अंगाला, जिथे बाहेरून नजर पोचत नाही. एशेडे गावाच्या काही किलोमीटर अलीकडे धाव तुटली, सरळ झाली आणि तिचे टोक पहिल्या डब्याची जमीन फोडून वर आले. तिथल्या एका प्रवाशाने ते पाहिले. त्याने साखळी ओढली नाही. तो कंडक्टरला शोधायला गेला. आपण काय केले असते कोण जाणे! दंडाची पाटी वाचत वाढलेली आपण माणसे, साखळीकडे हात नेण्याआधी दहादा विचार करतो. तेवढ्या वेळात लोंबणारे लोखंड सांध्यावरच्या रुळात अडकले, गाडी घसरली, तिसरा डबा पुलाच्या खांबावर आदळला आणि पूल मागच्या डब्यांवर कोसळला. 101 माणसे गेली. त्यानंतर त्या गाड्यांना पुन्हा अखंड चाके बसवली.

उरला साटा, म्हणजे आपण बसतो तो डबा. माझा विद्यार्थी इथे खुलला. कणा आणि धाव कितीही जपली तरी कधीतरी टक्कर होणारच, असे धरून चालणारी ही विद्या. जुन्या डब्यांचे मोठे भय म्हणजे दुर्बिणीच्या नळ्या जशा एकीत एक शिरतात, तसा एक डबा दुसऱ्यात शिरणे किंवा त्याच्यावर चढणे. सामान्य माणूस म्हणेल, मग डबे किल्ल्यासारखे भक्कम करा. पण सगळाच डबा भक्कम केला, तर टकरीचा सगळा जोर पहिल्या डब्याचा चुराडा करतो. म्हणून नवी रीत अशी की, जिथे माणसे बसतात तो भाग भक्कम ठेवायचा, आणि दोन्ही टोकांना, बसायला जागा नसते तिथे, मुद्दाम दबणारे भाग करायचे. प्रत्येक डब्याने आपल्या टोकाशी थोडे थोडे चेपायचे आणि धक्का वाटून घ्यायचा.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात प्युब्लोजवळ ओसाड माळावर यासाठी रूळ टाकलेले आहेत. तिथे खऱ्या गाड्या, आत माणसांऐवजी पुतळे बसवून, एकमेकींवर सोडतात. 2002 मध्ये जुन्या धर्तीची गाडी ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने उभ्या गाडीच्या इंजिनावर घातली. पुढचा डबा इंजिनावर चढला आणि त्याचा सुमारे 22 फूट भाग चिरडला. 2006 मध्ये जवळपास त्याच वेगाने नव्या धर्तीची गाडी घातली. डबा चढला नाही, सुमारे 3 फूट चेपला, आणि मागची बसण्याची जागा शाबूत राहिली. बावीस फुटांत बाकांच्या किती रांगा मावतात, ते पुढच्या प्रवासात मोजून पाहावे.

आपल्याकडेही 1998 सालीच, नोव्हेंबरात, पंजाबात खन्नाजवळ एका मेलचे डबे घसरून शेजारच्या रुळावर पडले आणि समोरून येणारी एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. दोनशेंहून अधिक माणसे दगावली. पुढे नव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन आराखड्याचे डबे आपल्याकडे आले. त्यांची जोडणी मध्यावरची आणि घट्ट असते, त्यामुळे डबा डब्यावर सहसा चढत नाही. पेरांबूरच्या कारखान्याने 1955 पासून चालत आलेले जुन्या घडणीचे डबे करणे 2018 मध्ये बंद केले, आणि 2022 च्या जूनमध्ये आपल्या डेक्कन क्वीनलाही नवे डबे लागले. जुन्या डब्यांसाठी हळहळणारे प्रवासी मला भेटले आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण नव्या डब्यात अधिक निवांत झोपतो.

तरी भाबडेपणा नको. 2 जून 2023 रोजी ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, तिचे डबे नव्या घडणीचेच होते. सिग्नलच्या कामातील चुकीने गाडी भलत्याच रुळावर गेली होती, आणि वेग ताशी 128 किलोमीटर. 290 हून अधिक माणसे गेली. त्या वेगापुढे चेपणारी टोके किती पुरी पडणार? कण्याचा आणि साट्याचा अभ्यास सिग्नलची जागा घेऊ शकत नाही, हे माझा विद्यार्थीच मान खाली घालून म्हणाला.

इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकत असलेली आमची सौभाग्यवती तेव्हा बाहेर आली आणि तिने मुद्द्याचा प्रश्न केला, “ते सगळं खरं रे बाळा, पण भाऊबीजेला पुण्याला जाताना कोणत्या डब्यात बसायचं, ते सांग.”

तो घुटमळला. समोरासमोर टक्कर झाली तर मधले डबे बरे, म्हणाला. पण एशेडेला पहिले दोन डबे पुलाखालून निसटले होते आणि मधल्यांवर पूल पडला, तेव्हा नक्की असे काही सांगता येत नाही.

“मग भोजनाच्या डब्याजवळचा घ्या हो,” ती मला म्हणाली, आणि कपबश्या उचलून आत गेली.