जुना ट्रॅक्टर घेताना भाव कोणता धरावा?

सोयाबीन विकून हाती पैसा आला की गुरुकुंज मोझरीच्या स्टँडवर चहा घेताना जुन्या ट्रॅक्टरच्या आणि चारचाकीच्या गोष्टी निघतात. "भाऊ, नवा घ्याले गेलं तं पावनेआठ लाखाच्या वर लागते, मी पाच लाखालेच देऊन रायलो," अशी विकणाऱ्याची बोली असते. ऐकणाऱ्याला ती पटतेही. पण हा पावणेआठचा आकडा आता जुना झाला आहे आणि घेणारा नेमका तिथेच फसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराशिवायची किंमत ७ लाख धरली, तर पूर्वी ७ लाख ८४ हजार पडत, आता ७ लाख ३५ हजार पडतात. फरक ४९ हजारांचा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे हे नऊ क्विंटलांहून जास्त सोयाबीन झाले, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर! चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर (आपल्याकडची बोलेरो याच गटातली) जीएसटी व उपकर मिळून ३१ टक्के होते, ते १८ झाले. कराशिवायच्या ८ लाखांवर हा फरक १ लाख ४ हजारांचा होतो.

नवी वस्तू उतरली की जुनीही उतरली पाहिजे. विकणाऱ्याने त्या वेळी काय मोजले, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. म्हणून सौद्याला बसण्यापूर्वी अमरावतीच्या शोरूममधून त्याच मॉडेलचे आजचे कोटेशन लेखी आणावे. त्यातला शोरूमचा भाव तेवढा धरावा. आरटीओ आणि विम्याचा खर्च पहिल्या मालकाने केला, तो त्याचा गेला.

मग वापराची घट किती धरावी? विमा कंपन्यांचा रूढ तक्ता इथे कामी येतो. गाडीला तीन वर्षे झाली व चार पूर्ण व्हायची असली तर ४० टक्के, पाचव्या वर्षात ५० टक्के घट धरतात, आणि तीही त्या दिवशीच्या नव्या किमतीवर. वरच्या ट्रॅक्टरला साडेतीन वर्षे झाली असतील तर ७ लाख ३५ हजारांचे ४ लाख ४१ हजार उरतात. जुना आकडा धरून बसलात तर तेच ४ लाख ७० हजार होतात. चांगला राखलेला ट्रॅक्टर बाजारात या तक्त्याच्या वर जाऊ शकतो, हे खरे. पण बोलणी इथून सुरू करावी, पाच लाखांपासून नव्हे.

ट्रॅक्टरचे वय वर्षांपेक्षा तासांवर मोजावे. घरच्या दहा एकरांत चाललेला आणि भाड्याने रोटाव्हेटर मारत फिरलेला, दोन्ही एकाच सालचे असले तरी एक भावाचे नाहीत. तासांचे मीटर बंद असेल किंवा बदललेले असेल, तर क्लचचे पेडल आणि मागचे टायर पाहावे. ते खोटे बोलत नाहीत. इंजिन थंड असतानाच आपल्या हाताने चालू करावे. आधीच तापवून ठेवले असेल तर समजून घ्यावे. हायड्रॉलिकवर वजन उचलून थोडा वेळ तसेच ठेवावे, आपोआप खाली येते का ते दिसते. जो खर्च निघेल तो भावातून वजा करावा.

आता कागद. पोलीस पाटील, सरपंच मंडळींनाही हे सांगणे आहे, कारण साक्षीदार म्हणून सही त्यांचीच असते. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले म्हणजे गाडी नावावर झाली, हा समज गावोगावी आहे. फॉर्म २९ व ३० भरून आरटीओत नाव चढले पाहिजे, तेही राज्यातल्या व्यवहारात घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवून. तोवर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी.

आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर थकीत कर्जाचा आकडा आधी बँकेतून काढावा. तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी आणि पावती आपल्याजवळ ठेवावी. फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हाती येईपर्यंत उरलेले पैसे सोडू नयेत.