मोडलेल्या फ्रेमचा जबाब

सायकलीची फ्रेम मोडली की दुकानात ठरलेला वाद सुरू होतो. ‘काही झाले नव्हते, चालवता चालवता मोडली,’ असे ग्राहक सांगतो. ‘कोठेतरी आपटली असणार,’ असे दुकानदार म्हणतो. या वादातला खरा साक्षीदार मात्र समोरच पडलेला असतो. समोरून धडकलेल्या सायकलीचा चिमटा मागे वळतो आणि हँडलाच्या नळीमागे, खालच्या अंगाला, रंग सुरकुततो. उलट, जोडापाशी केसाएवढी फट पडून ती वाढत गेली असेल, तर तुटलेल्या धातूवर तिच्या वाढीच्या वळ्या अनेकदा दिसतात. पोलाद ठरावीक मर्यादेखालचा ताण वर्षानुवर्षे सोसते. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. कार्बनच्या फ्रेमचे तर वरून काही कळतही नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात.

हमी असते ती घडणीतल्या दोषाची, अपघाताची नव्हे. सदोष मालाबद्दल दाद मागण्याचा हक्क १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला व २०१९ च्या कायद्याने तो कायम राखला. पण ‘गैरवापर’ हा शब्दही विक्रेत्यांनी वाटेल तसा ताणू नये. ज्या दुकानदाराने स्वतः कॅरियर बसवून दिले, त्याने पुढे डबलसीटकडे बोट दाखवावे, हा अजब न्याय आहे!

काही परदेशी कंपन्या अपघातात मोडलेल्या फ्रेमच्या बदली नवी फ्रेम सवलतीच्या दरात देतात. हे त्यांचे देणे नव्हे, औदार्य आहे. आणि ते मिळते ते ‘पडलो’ असे सांगणाऱ्याला. अपघात लपवून फुकट फ्रेम पदरात पाडून घेणारा ग्राहक स्वतःस चतुर समजत असेल. त्याची किंमत मात्र दुसराच भरतो. अशा चार खोट्या तक्रारींनंतर पाचवी खरी तक्रारही संशयाने पाहिली जाते. त्याहून वाईट म्हणजे जोडातला खरा दोष या खोट्या नोंदींत बुडून जातो, आणि त्याच घडणीच्या सायकलीवर एखादे शाळकरी पोर उतारावरून निघालेले असते.

दुकानदाराने मोडलेली जागा ग्राहकासमोर तपासावी, कारण कागदावर लिहावे आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. तशी मोडकी फ्रेम डाग देऊन, वर रंग मारून पुन्हा विक्रीस लागणार नाही, हे पाहणेही दुकानदाराच्याच हाती आहे.