जंगलात शिरताना परवानगी कोणाची?

थंडी सरत आली की शहरातील मध्यमवर्गाला जंगलाची ओढ लागते. ताडोब्याच्या फेरीची जागा कित्येक आठवडे आधी राखून ठेवली जाते. ठरलेल्या दिवशी पाहुणा पहाटेच फाटकाशी उभा राहतो, पावती दाखवतो आणि उघड्या जीपमध्ये बसून आत शिरतो. वाघ दिसला तर तो धन्य होतो, न दिसला तर हिरमुसतो. दोन्ही वेळा तो जंगल पाहिल्याचे समाधान मात्र घेऊन परततो. गोंडांच्या तारू या दैवतावरून या अरण्याला ताडोबा हे नाव पडले, हे त्याला वाटाड्या सांगतो. त्या दैवताला मानणाऱ्यांची वस्ती गाभ्याच्या भागातून बाहेर कशी गेली, हे मात्र फेरीच्या वेळापत्रकात बसत नाही. आत जाण्याची परवानगी ज्याने दिली त्याला तो अधिकार कोठून मिळाला, हा प्रश्न तर पाहुण्याच्या मनाला शिवतही नाही.

हा प्रश्न ज्याला पडावासा वाटत असेल, त्याने चंद्रपूरच्या शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात जावे. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर, धानोरा येण्याच्या थोडे अलीकडे, मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव लागते. शेजारच्या लेखा गावाच्या नावाशी जोडून ते मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. जवळून कठाणी नदी वाहते. धानाच्या बांध्या संपतात तेथे जंगल सुरू होते. साग, ऐन, मोह, तेंदू, चार आणि अधूनमधून बांबूची दाट रांजी. देखाव्याच्या दृष्टीने पाहिले तर पूर्व विदर्भातील इतर जंगलाहून यात वेगळे असे काही नाही. चैत्राच्या सुमारास पहाटे बायका टोपल्या घेऊन मोहाखाली फुले वेचायला येतात आणि वैशाखात घरोघरी तेंदूपत्त्याचे पुडे बांधले जातात, हेही आसपासच्या शेकडो गावांसारखेच.

वेगळेपण आहे ते जंगलाच्या उंबरठ्यावर. येथे पाहुण्याला ग्रामसभेची परवानगी घ्यावी लागते. संशोधक असो, सरकारी अंमलदार असो की नुसता हौशी भटक्या असो, तो कशासाठी आला आणि त्याच्या येण्याने गावाला काय मिळणार, हे गाव विचारते. या चौकशीने शहरी पाहुणा प्रथम थोडा दुखावतो. जंगल तर साऱ्या देशाचे, मग या शंभराच्या आसपास घरांनी आपल्याला अडवावे का, असे त्याला वाटते. ताडोब्याच्या फाटकाशी मुकाट्याने पावती दाखवणाऱ्याला मेंढ्यात मात्र अपमान वाटावा, यातच आपल्याकडच्या लोकशाहीच्या शिक्षणाची उणीव दिसून येते. खाकी गणवेशाने विचारलेला प्रश्न कायदेशीर वाटतो आणि धोतर नेसलेल्याने विचारलेला तोच प्रश्न उद्धट वाटतो.

वस्तुतः खाकी गणवेशाचा हक्क फार जुना नाही. 1878 च्या वन कायद्याने इंग्रज सरकारने जंगले राखीव व संरक्षित ठरवली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणारा, लाकूडफाटा आणणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार बनला. ज्योतिराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याच्या या जुलमावर कोरडे ओढले, ते शेतकऱ्याच्या चराईची राने सरकारने गिळली म्हणून. 1927 च्या कायद्याने तीच चौकट अधिक पक्की केली. 1930 साली बापूजी अण्यांनी पुसदला सत्याग्रह केला तो जंगलाचे गवत कापून, आणि त्याच वर्षी 25 सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. स्वराज्यासाठी ज्या कायद्याचा भंग केला, तो 1927 चा कायदा स्वराज्यातही कायम राहिला, हा विरोधाभास समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्यांना कधी पचला नाही आणि पचू नये.

मेंढ्याची जागृती 1980 नंतरच्या दशकातली. गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या धरणांत या भागातील जंगल आणि गावे बुडणार म्हणून ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. लालश्यामशाह महाराज, बाबा आमटे यांच्यासारखी माणसे त्यात होती. धरणांचे काम थांबले, पण मेंढ्याचे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवला, दारूबंदी केली आणि प्रत्येक निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत पाडली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची ओळख झाली. हिला कोणी फुटीरपणा म्हणेल, तर त्याने घोषणेचा पहिला अर्धा भाग पुन्हा वाचावा.

संसदेने 2006 साली वनहक्क कायदा केला आणि वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या प्रस्तावनेतच दिली. त्या कायद्याखाली 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण हक्काचा कागद मिळाला म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवलेले असूनही, वनखाते 1927 च्या कायद्याकडे बोट दाखवून बांबूला झाड मानत राहिले आणि वाहतुकीचा परवाना देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना मेंढ्यात येऊन ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचे पुस्तक द्यावे लागले. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. हे गवत कापून विकण्यासाठी एका गावाला केंद्रीय मंत्र्याची वाट पाहावी लागली, यावरून हक्क आणि अंमल यांमधले अंतर मोजावे.

एक आक्षेप येथे गंभीरपणे घ्यायला हवा. जंगल गावाच्या हाती दिले तर गावकरी ते तोडून खातील, ही भीती केवळ अंमलदारांचीच नाही, अनेक प्रामाणिक निसर्गप्रेमींचीही आहे. या भीतीत तथ्य मुळीच नाही असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. प्रत्येक गाव म्हणजे मेंढा नव्हे. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि वणवा लागतो, हे गावोगाव घडते. ठेकेदाराच्या पैशाला भुलणारी ग्रामसभाही असू शकते. परंतु खात्याच्या ताब्यात असताना जंगल कोणी खाल्ले, हेही तितक्याच प्रामाणिकपणे विचारावे. कर्नाटकात कागद गिरणीला सरकारने टनाला दीड रुपया या नाममात्र दराने बांबू दिला आणि त्याच बांबूवर जगणाऱ्या बुरुडाला मात्र तो बाजारभावाने घ्यावा लागला, हे माधव गाडगीळ यांच्या अभ्यासाने उघड केले. नासाडीचा दोष मात्र बुरुडाच्या पदरी घालण्यात आला होता. ज्याला उद्या तेथेच जगायचे आहे त्याला जंगल राखण्यात स्वार्थ असतो. मेंढ्याच्या लोकांनी पोळे न जाळता, माशा न मारता मध काढण्याची रीत शिकून घेतली, ती पुढच्या वर्षीही मध हवा म्हणून.

प्रश्न एका गावापुरता नाही. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्या वनवासींना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभर गदारोळ उठल्यावर त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. त्या दोन आठवड्यांत लाखो कुटुंबांना आपण आपल्याच रानात उपरे असल्याची जाणीव झाली. 2006 च्या कायद्यानुसार वन्यजीवांसाठी राखलेल्या क्षेत्रातूनही ग्रामसभेच्या मुक्त संमतीवाचून कोणाला हलवता येत नाही. ही संमती खरोखर विचारली जाते का, की ठरावाच्या कागदावर अंगठे उमटवून घेतले जातात, यावर त्या कायद्याचे भवितव्य अवलंबून आहे. संमती नाकारण्याचा अधिकार नसेल, तर संमती देण्यालाही अर्थ उरत नाही.

जंगल पाहण्याची हौस वाईट नाही. माणसाने रानात जावे, झाडे ओळखावीत, धानाच्या बांधावर बसून नदी पाहावी. यात लाजण्यासारखे काही नाही. पण आपल्या घरी येणाऱ्याकडून जी रीत अपेक्षिली जाते, ती दुसऱ्याच्या दारी पाळावी एवढीच अपेक्षा आहे. वाघाचे छायाचित्र घेऊन परतणाऱ्याने त्या रानात राहणाऱ्यांचा हक्काचा दावा मंजूर झाला की नाही, एवढे तरी विचारून यावे. जंगलातील पाऊलवाटा ज्यांच्या पायांनी पडल्या, त्यांना विचारून त्यांवर पाऊल ठेवणे ही लोकशाहीतली साधी सभ्यता आहे. ती फाटकावरच्या पावतीने शिकवता येत नाही.